न रडणारं बाळ

महाप्याला आमच्या प्रयोगशाळेच्या मागे जाळीचं एक मोठं आवार आहे. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते एखाद्या कंपनीचं गोदाम वाटतं. आत आंब्याची झाडं आहेत, टायरचे झोके आहेत, पाण्याचा हौद आहे आणि माकडं आहेत. मी तिथे रक्त तपासते. माकडांचं रक्त घ्यायचं, पेशी वेगळ्या करायच्या, पेशींतला डीएनए काढायचा आणि त्यावर कुठे कुठे खुणा आहेत ते यंत्रावर बघायचं. साताऱ्याकडून नोकरीसाठी इथे आले, शिरवणे गावातल्या मुलाशी लग्न केलं आणि इथलीच झाले. माझ्या माहेरच्यांना अजूनही वाटतं की मी माणसांच्या लॅबमध्ये काम करते. मीही त्यांचा हा समज कधी दूर केला नाही.

आमच्याकडची म्हातारी माकडं दुसऱ्या शहरातून आलेली. तिथली एक जुनी प्रयोगशाळा बंद झाली आणि उरलेली जनावरं आमच्याकडे आली. त्यातली काही आईच्या अंगाखांद्यावर वाढलेली होती. काहींना मात्र जन्मल्याबरोबर आईपासून वेगळं केलेलं होतं. त्या काळी तिकडे काही आजार पसरला होता, पिल्लांना लागण होऊ नये म्हणून त्यांना वेगळं ठेवलं, बाटलीने दूध पाजलं. यात दुष्टावा काही नव्हता. पिल्लांना ऊब होती, दूध वेळेवर होतं, अंथरूण स्वच्छ होतं. वजनंही चांगली भरलेली. नव्हती ती फक्त आई. वर्षभराने त्यांनाही बाकीच्यांत सोडलं आणि पुढे सगळ्यांचं आयुष्य एकसारखं झालं. तेच खाणं, तीच झाडं, तोच डॉक्टर.

तरी ती दोन प्रकारची माकडं मला लांबूनही वेगळी ओळखू यायची. बाटलीवर वाढलेली आजारी पडली की लवकर बरी व्हायची नाहीत. छोट्या जखमेवरही सूज राहायची. वय व्हायच्या आधी म्हातारी दिसायची. त्यांच्यात एक मादी होती, तिच्या डाव्या कानाला खाच होती. ती बसायची तेव्हा एका हाताने स्वतःचं पाऊल धरून बसायची. घट्ट. चिंचोक्यासारखे डोळे कुठेतरी लांब लावलेले आणि पाऊल मुठीत. आईपाशी वाढलेलं एकही माकड असं बसत नसे. पिल्लाला पकडायला आईची कातडी हवी असते, ती नसली की ते स्वतःलाच पकडतं. ही पुढे मोठी झाली, तिला पिल्लं झाली, पण पाऊल काही तिने सोडलं नाही.

मी नवीन होते तेव्हा आमच्या मॅडमना विचारलं होतं, "मॅडम, हिला ते आठवत असेल का?"

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. भराभर बोलतात, पण शिकवायला बसल्या की हळू होतात. त्या म्हणाल्या, "आठवणं वेगळं. समज, एक पुस्तक आहे. त्यातलं अक्षरन् अक्षर जन्मतःच छापलेलं. ते बदलत नाही. पण काही ओळींवर कोणीतरी कागदाची पट्टी चिकटवली, तर? ओळ आहे, पण वाचली जात नाही. डीएनएवर अशाच चिमुकल्या पट्ट्या चिकटतात. काही चिकटतात, काही निघतात. आणि लहानपणी शरीर भराभर ठरवत असतं, कुठली ओळ वाचायची, कुठली नाही."

"मग हिच्या कुठल्या ओळी झाकल्या?"

"भीती वाटली की शरीरात भोंगा वाजतो. धोका गेला की तो बंद करावा लागतो. हिचं बंद करायचं काम नीट होत नाही. भोंगा बारीक आवाजात वाजतच राहतो. वर्षानुवर्षं. तिला तो ऐकू येत नाही, पण रक्तवाहिन्यांना येतो."

मी ते ऐकलं, डबा खाल्ला आणि पुन्हा नळ्या हलवायला बसले. कामाची गोष्ट कामावर ठेवायची मला सवय होती.

घरी माझा नवरा होता. एपीएमसी मार्केटातून भाजी नेणारे त्याचे टेम्पो होते. शांत माणूस. आवाज चढवून बोलल्याचं मला आठवत नाही. आमच्या नेरूळच्या सोसायटीत कुणाचंही भांडण झालं की मिटवायला ह्याला बोलवायचे. पण त्याचं शरीर त्याच्या स्वभावाला शोभणारं नव्हतं. तिशी उलटते न उलटते तोच ब्लडप्रेशर निघालं. मग साखर. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "घरात कुणाला आहे?" तर कुणालाच नाही. त्याचे वडील शेवटपर्यंत ठणठणीत होते. थोरला भाऊ त्याच घरात, त्याच ताटात जेवून वाढलेला. तो अजूनही तळलेली मांदेली हाणतो आणि त्याला साधी गोळी नाही. "टेन्शन घेता का फार?" डॉक्टर विचारायचे. नवरा हसायचा. "टेन्शन बायको घेते, मी कशाला घेऊ?"

दोन-तीन सवयी होत्या. घरातलं कुठलंच दार त्याला पूर्ण लावलेलं चालत नसे. बाथरूमचंही नाही. आमच्या लग्नाच्या सुरुवातीला मला त्याचा राग यायचा, मग मी पडदा लावून घेतला. दुसरं म्हणजे, मला यायला उशीर झाला तर तो फोन करायचा नाही. इतर नवरे वैतागतात, हा एकदम गप्प व्हायचा. मी आले तरी बराच वेळ माझ्याकडे बघायचा नाही, जणू मी आलेच नाही. मग हळूहळू, चहाबिहा झाल्यावर, माणसात यायचा. आणि झोपेत तो स्वतःचा पाय धरायचा. गुडघा पोटाशी ओढून, पाऊल हातात. मी थट्टा करायचे, "पळून जाणार आहे का तो पाय?" इतक्या वर्षांत मला त्यात काही दिसलं नव्हतं. नवऱ्याकडे कोण प्रयोगशाळेच्या नजरेने बघतं?

मग त्याला ॲटॅक आला. मार्केटमध्येच, सकाळी, टेम्पो भरत असताना. त्याच्या ड्रायव्हरने त्याला तसंच हॉस्पिटलला नेलं म्हणून तो वाचला. मनगटातून नळी घालून रक्तवाहिनी उघडली. दुपारी मला आत सोडलं. आयसीयूमध्ये थंडी होती, यंत्रांचे बारीक आवाज चालू होते. तो गुंगीत होता. एका हाताला पट्टी, तो हात उशीवर. दुसऱ्या हाताने त्याने स्वतःचं पाऊल घट्ट धरलं होतं.

मी पलंगाच्या पायाशी उभी राहिले आणि मला ती कानाला खाच असलेली मादी दिसली. दिसली म्हणजे आठवली असं नाही. तीच दिसली. तीच मूठ, तसाच अंगठा बाहेर काढलेला, तसाच लांब कुठेतरी हरवलेला चेहरा.  नर्सने विचारलं, "मॅडम, बसता का? खुर्ची देऊ?" मी म्हटलं, "ह्यांचा हात सोडवू नका." ती म्हणाली, "सोडवला होता. परत धरतात."

त्याच संध्याकाळी मी सासूबाईंना विचारलं. त्या आमच्याकडेच राहतात. ऐंशीच्या घरातल्या, बारीक, ताठ. स्वयंपाकघरात खाली बसून वाल सोलत होत्या. मी समोर बसले.

"आई, हे लहान असताना काय झालं होतं?"

त्यांचा हात थांबला नाही. "काय व्हनार? काय नाय झाला."

"अगदी लहान. तान्हे असताना."

बराच वेळ त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "मना ठाव नाय. मी नव्हते."

ती गोष्ट मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी कळली. नवरा सहा-सात महिन्यांचा असताना सासूबाईंना क्षय झाला. लांब कुठेतरी दवाखान्यात ठेवलं. दीड-पावणेदोन वर्षं त्या घरी आल्या नाहीत. थोरला मुलगा चालता-बोलता होता, तो बापाबरोबर शिरवण्यातच राहिला. तान्ह्याला खाडीकाठच्या दुसऱ्या गावात, सासऱ्यांच्या चुलतभावाच्या घरी ठेवलं. तिथल्या काकीने त्याला सांभाळलं. एवढंच.

"तिनं काही सांगितलं नाही नंतर?"

"मी इचारला नाय." त्यांनी सोललेले वाल एकीकडे सारले. "इचारून काय करू? पोर जिता मिलाला. बस झाला."

नवरा घरी आल्यावर, जरा चालायफिरायला लागल्यावर, मी त्याला हे सांगितलं. माकडाबद्दलही सांगितलं. मला वाटलं होतं तो रागावेल. तो म्हणाला, "मला माकड म्हणतेस?" आणि हसला. मग म्हणाला, "सगळ्यांच्याच लहानपणी काही ना काही असतं गं. दूध मिळालं ना मला? वाढलो ना?"

"त्या पिल्लांनाही दूध मिळत होतं," मी म्हटलं.

 पुढच्या रविवारी तो स्वतःच म्हणाला, "काकीकडे जाऊन येऊ. फार वर्षांत गेलो नाही. म्हातारी झाली असेल." सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमी जा. तिचा दोस नाय, पन मी नाय येत."

त्या गावात आता खाडी दिसत नाही. पूर्वी जिथे मिठागरं होती तिथे इमारती आणि गॅरेज आहेत. काकींचं कौलारू घरही पाडून तिथे चार मजली इमारत झाली आहे, वरच्या मजल्यांवर भाडेकरू आणि तळमजल्यावर काकी. दरवाजा त्यांच्या सुनेने उघडला. काकी आतल्या खोलीत गादीवर बसल्या होत्या. हातात जुन्या, चपट्या बांगड्या, नजर अधू झालेली. नवऱ्याने पाया पडल्यावर त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं.

"कोन? शिरवन्याचा धाकटा?" त्यांचा आवाज एकदम फुटला. "अरं माझ्या बाला, किती सुकलास रं!"

चहा आला. इकडचं तिकडचं झालं. मग नवऱ्याने साधेपणाने विचारलं, "काकी, मी तुझ्याकडं व्हतो, तवा कसा व्हतो?"

"तू?" त्यांचा चेहरा उजळला. "तू गुनी व्हतास. तुझ्यासारखा गुनी पोर मी बगितला नाय. रडायचाच नाय."

 नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "कधीच नाय?"

"पयला रडायचास," काकी म्हणाल्या. "लय रडायचास. आमी सगली मिठागरात कामाला. तुना कुटं नेऊ? उन्हात मीठ डोल्यात जातं. घरात कोन नाय. आंगनात ठेवला तर मागं खाडीचा पानी, भरती आयली तर दाराशी यायचा. म्हनून कनगीच्या खोलीन ठेवायची. भात ठेवायची ती खोली. बाहेरून कडी लावायची. दुपारी येऊन पाजायची, परत कडी."

"अंधार असायचा?" मी विचारलं.

"कौलातून उजेड यायचा ना जरासा. एवढा." त्यांनी हाताने रुपयाएवढं गोल दाखवलं. "पयला लय रडायचास. मना बांधावर ऐकू यायचा. सगल्या म्हनायच्या, एवढ्या लांबून कसा ऐकू येईल? पन मना यायचा. आनि मंग एक दिस थांबला. मी बांधावर उभी, कान देते, तर काय नाय. धावत घरी आयले. मना वाटलं, गेला पोर. कडी काढली तर तू जागा. उताना. डोले उघडे. मी हाक मारली, तू बगितला नाय. उचलला, तरी बगितला नाय. कौलाकडं बगत व्हतास." काकी थांबल्या. सुनेने त्यांच्या हातातला कप काढून घेतला. "तवापासना गुनी झालास. कोन बोलला, सवय झाली त्याला. मना पन वाटला, बरा झाला. पन दुपारी कडी काढताना मना भ्या वाटायचा. रडनाऱ्या पोराचा भ्या नाय वाटत. तुझा वाटायचा."

 वरच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर चालू होता.

काकी अंदाजाने नवऱ्याच्या दिशेने वळल्या. "मी वाईट केला का रं?"

नवऱ्याने त्यांचा हात हातात घेतला. "तूच जगवलास मना, काकी. आनखी कोन व्हता?" तो माझ्याशी, डॉक्टरांशी, सोसायटीत प्रमाण भाषेत बोलतो. त्या घरात त्याची बोली आपोआप परत आली होती.

निघताना त्याने विचारलं, ती खोली कुठे होती. सुनेला ठाऊक नव्हतं. काकींना धरून दारापर्यंत आणलं, त्यांनी वास घेतल्यासारखं तोंड फिरवलं आणि बोट दाखवलं. इमारतीच्या पार्किंगमधला जिन्याखालचा कोपरा. तिथे स्कूटर लावलेल्या होत्या. फरशी नवी, भिंतीला पिवळा रंग, विजेचे मीटर.

नवरा स्कूटरच्या मधून वाट काढत त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. मी बाहेर थांबले. तो वर बघत होता. वर जिन्याचा काँक्रीटचा उतार होता, दुसरं काही नाही. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग एक तरुण हेल्मेट घेऊन आला. "काका, जरा सरकता का? गाडी काढायचीय."

"हो हो, काढ," म्हणून नवरा बाजूला झाला. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "मला काहीच आठवत नाही गं. मला वाटलं होतं, काहीतरी वाटेल. काही नाही."

आम्ही गाडीत बसलो. गाडी मी चालवत होते, त्याला अजून परवानगी नव्हती. ऊन मी मी म्हणत होतं. हायवेला लागण्याआधीच तो थरथरायला लागला. आधी हात, मग सगळं अंग. दात वाजायला लागले. मी गाडी एका बंद दुकानासमोर घेतली. त्याचा हात बर्फासारखा होता, नाडी धावत होती. मला वाटलं, परत ॲटॅक. मी फोन काढला तर त्याने माझं मनगट धरलं. "नको. दुखत नाहीये. काही होत नाहीये मला."

"अरे पण थरथरतोयस!"

"मला माहीत आहे. मला काही वाटत नाहीये. खरंच. हे आपोआप चाललंय." तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. एखाद्या अनोळखी माणसाच्या हातांकडे बघावं तसा. "कुणाला होतंय हे?"

मी गाडी थेट हॉस्पिटलला नेली. ईसीजी ठीक होता. डॉक्टर म्हणाले, उन्हाने असेल, दमणुकीने असेल. मी मान हलवली. "कुणाला होतंय हे," हा त्याचा प्रश्न माझ्या डोक्यातून पुढे कितीतरी दिवस गेला नाही.

सोमवारी मी मॅडमच्या खोलीत गेले. "मॅडम, माझ्या नवऱ्याचं रक्त तपासू या का? तेच मार्कर, माकडांत बघतो त्याच खुणा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून ठेवला. "नाही," त्या म्हणाल्या. "आणि तू का विचारतेस ते कळतंय मला. पण आपण काय बघतो? एवढी माकडं आईपाशी वाढलेली, एवढी नाही, आणि दोन गटांमध्ये सरासरी फरक दिसतो. एका माकडाचं रक्त समोर ठेवलं तर ते कुठल्या गटातलं, हे मीसुद्धा छातीठोक सांगू शकणार नाही. मग एका माणसाचं कसं सांगू? पन्नास वर्षं तो जगलाय. विडी, तेल, मार्केटची धूळ, झोप. खुणा कशाकशाच्या असतील."

"पण तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटण्यावर मी कुणाला आजार चिकटवत नाही." मग जरा वेळाने, खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "काकी म्हणाली ना, डोळे उघडे होते. आपली पिल्लंही तशीच पडून राहायची म्हणे. जुन्या माणसांनी मला सांगितलंय. आधी कोलाहल, मग ते."

माझी भीती तिथे संपली नाही, ती फक्त सरकली. आमची मुलगी इंजिनीअरिंगला होती. खाच असलेल्या मादीला झालेलं एक पिल्लू आमच्याकडे मोठं झालं होतं. त्याला कुणीही आईपासून तोडलेलं नव्हतं, तरी दार वाजलं की ते सगळ्यांच्या आधी दचकायचं. आईकडून शिकलं असेल. की आणखी कुठल्या वाटेने आलं असेल? मॅडम म्हणायच्या, माहीत नाही. त्या "माहीत नाही" म्हणतात तेव्हा खरंच माहीत नसतं. पण मी मुलीकडे बघायला लागले. ती झोपली की मी दारातून तिचे हात बघायचे. ती दचकते का, चिडते का, जखम भरायला तिला वेळ लागतो का. जेवताना एकदा तिने ताट बाजूला सारलं.

"आई, काय चाललंय तुझं? मी तुझ्या जाळीतली नाहीये. माझ्याकडे असं बघू नकोस."

"असं म्हणजे कसं?"

"मी आजारी पडायची तू वाट बघत असल्यासारखं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी बाबांची मुलगी आहे. मला कुणी घाबरवलं असेल तर ते तू, त्या खोलीने नाही."

मी त्यानंतर बघणं सोडलं. निदान तिला दिसेल असं बघणं सोडलं.

खाच असलेली मादी त्या हिवाळ्यात मेली. शेवटची काही वर्षं तिच्याशी एका तरुण मादीची गट्टी जमली होती. ती रोज हिच्या अंगावरून हात फिरवायची, केस विंचरल्यासारखी उवा काढायची, ही डोळे मिटून बसायची. मेल्यावर तपासलं तर रक्तवाहिन्या तिच्या वयापेक्षा फार म्हाताऱ्या निघाल्या. शेवटच्या नमुन्यात काही पट्ट्या थोड्या सैल झाल्यासारख्या दिसत होत्या, आधीच्या वर्षांपेक्षा. मी धावत मॅडमना दाखवलं. "एक जनावर," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर काही म्हणायचं नाही." पण तो कागद त्यांनी परत केला नाही.

नवरा आता बरा आहे. गोळ्या आहेत, सकाळी चालणं आहे, टेम्पो ड्रायव्हर बघतो. काकी गेल्या तेव्हा खांदा द्यायला तो होता. थरथर पुन्हा कधी झाली नाही. त्या दिवसाबद्दल तो स्वतःहून बोलत नाही.

एका संध्याकाळी मात्र सासूबाई बोलल्या. काकींचं कार्य होऊन गेलं होतं. आम्ही तिघं गॅलरीत बसलो होतो. त्या अचानक त्याला म्हणाल्या, "मी दवाखान्यातून आयले ना, तवा तू मना वलकला नाय."

तो वळून बसला. "मग?"

"मना हात लावू दिला नाय. रडला पन नाय. नुसता ताठ व्हायचास, लाकडासारा. तुझा बा बोलला, उचल, रडंल आनि गप व्हईल. मी नाय उचलला. मना समजला, ह्याला उचलला का हा मरंल." त्यांनी पदर सारखा केला. "मंग मी आंगनात बसायची. रोज. जवला सुकत टाकलेला, तो निवडत बसायची, मांडीव सूप घेऊन. तुझ्याकडं बगायची नाय. तू वट्यावर. हलू हलू जवल यायचास. एक पायरी, मंग दुसरी. कवा कवा परत वर जायचास. मी बगायची नाय. आनि एक दिस तू आयलास आनि सुपातला जवला उचलून तोंडात घातलास."

"किती दिवस लागले, आये?"

"कोनी मोजला? भात कापायला आयला तवा तू मांडीव व्हतास."

 तो उठला, पायांत चपला सरकवल्या. "बाजारात जवळा मिळतो का बघून येतो," म्हणाला. डॉक्टरांनी सुकी, खारी मासळी सगळी बंद केलेली. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

तो जिना उतरून गेल्यावर सासूबाई माझ्याकडे वळल्या. आवाज इतका बारीक होता की मला पुढे वाकावं लागलं.

"त्याच्यासमोर नाय बोल्ले. मी गेले त्याच्या आदी तो हसायचा. मोठ्यानं. असा हसायचा, शेजारची येऊन बगायची, काय झाला म्हनून. सगल्या गावात त्याचा हसू ठाव व्हता. मी परत आयले, आनि मना हा मिलाला. गुनी. शांत. मी ह्याला वाढवला, हाच माझा पोर. पन तो दुसरा," त्या खाली रस्त्याकडे बघत होत्या, जिथे तो दिव्यांच्या उजेडात सावकाश चालत चालला होता, "तो हसनारा, तो कुटं गेला, ते कुनाला इचारू?"

 मी त्यांच्याजवळ खुर्ची ओढली आणि तो परत येईपर्यंत आम्ही दोघी रस्त्याकडे बघत बसलो.